प्रदर्शन भाड्यानं द्या, हक्क हातात ठेवा: गोव्यातल्या कलाकारांसाठी ब्लॉकचेन परवान्याची पायरीवार माहिती

गोव्यात चित्र विकलं जातं ते बहुधा एकदाच. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या निमित्तानं बाहेरचे लोक पणजीत येतात, एखादं चित्र आवडून घेऊन जातात, आणि मग पुढच्या हंगामापर्यंत वाट बघायची. दुसरीकडे कांदोळीपासून पाळोळेपर्यंतची हॉटेलं, होमस्टे, कॅफे भिंतींसाठी चित्रं मागतच असतात, आणि पुष्कळ जण फुकट मागतात. "तुमचं नाव होईल" हे ऐकलं नाही असा चित्रकार मला अजून भेटलेला नाही.

या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे प्रदर्शनाचा परवाना. मूळ चित्र तुमच्याकडेच राहतं. ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक जागी, ठरावीक रकमेला तुम्ही त्याच्या प्रती मांडायची परवानगी देता. मुदत संपली की परवानगी संपली. पुढे हवी तर पुन्हा पैसे. हंगामात खोली भाड्यानं देणारा घर विकत नाही, तसंच हे. खाजन शेतीवरच्या, म्हणजे खाडीचं खारं पाणी बांधांनी अडवून केलेल्या शेतीवरच्या, माझ्या चित्रांचा एक संच (बांध, मानशी म्हणजे पाण्याची दारं, खाडीकाठची मिठागरं) मी काही काळापासून असाच देतो आहे, आणि परवान्यांची नोंद ब्लॉकचेनवर ठेवतो. सुरुवातीला मला कुठेच सलग माहिती मिळाली नव्हती, म्हणून ही पायरीवार लिहितो आहे.

ब्लॉकचेनकडून काय अपेक्षा ठेवायची ते आधी सांगतो. पैसे परवान्यातून येतात, ब्लॉकचेनमधून नाही. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी असलेली नोंदवही. एकदा केलेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येत नाही, आणि ती कुणालाही तपासता येते. तुमचा परवानाधारक फोंड्यातलं एकच हॉटेल असेल तर हे सगळं करायची गरज नाही; कागद आणि यूपीआय पुरे. पण चार-पाच जागी एकच संच लागलेला आहे, उत्पन्नात फोटोग्राफर आणि मजकूर लिहिणाऱ्याचाही वाटा आहे, परवाना मागणारा लिस्बनचा किंवा इंग्लंडमधल्या स्विंडनचा आहे आणि त्याची-तुमची भेट झालेली नाही, अशा वेळी ही नोंदवही कामाची.

कल्पनाही नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली प्रदर्शनं भरवणारे सेथ सीगेलॉब आणि वकील रॉबर्ट प्रोजान्स्की यांनी चित्रकारांसाठी एक करारनामा तयार केला होता. चित्र पुढे जास्त किमतीला विकलं गेलं तर वाढीव रकमेतले १५ टक्के चित्रकाराला, आणि चित्र कुठे मांडलं जाणार याची त्याला आगाऊ खबर, अशी त्यात तरतूद होती. प्रत्येक नव्या मालकाकडून तो पाळून घेणं फार जिकिरीचं होतं. नोंद सगळ्यांसमोर उघडी असली की त्यातला निदान माग काढण्याचा भाग सोपा होतो.

सोबत काय लागेल

- पॅन, मोबाईलशी जोडलेलं आधार (ई-स्वाक्षरीसाठी), बँक खातं
- प्रत्येक कलाकृतीची यादी: नाव, साल, माध्यम, आकार, मूळ चित्र सध्या कुणाकडे आहे
- छापण्याजोग्या मोठ्या फाइली आणि दाखवण्यापुरत्या लहान फाइली, वेगवेगळ्या फोल्डरांत
- सहकाऱ्यांशी वाट्याबद्दल झालेलं लेखी ठरवणं
- परवान्याचा मसुदा, एकदा वकिलाकडून तपासून घेतलेला
- एक वॉलेट, म्हणजे ब्लॉकचेनवरचं तुमचं खातं चालवणारं ॲप (मेटामास्क पुष्कळ जण वापरतात), नोंदीच्या शुल्कापुरतं थोडं क्रिप्टो, म्हणजे ब्लॉकचेनवरचं चलन
- बिलबुक किंवा बिल बनवायची साधी एक्सेल फाईल
- हिशेबनीस, ज्याला 'आभासी डिजिटल मालमत्ता' (करकायद्यातलं क्रिप्टो वगैरेंचं नाव) हे शब्द नवे नाहीत असा

१. हक्क तुमचाच आहे ना, हे पाहा

कॉपीराइट कायदा १९५७ नुसार चित्र काढणारा हाच त्याच्या हक्काचा पहिला मालक. पण अपवाद आहेत, आणि आपण नेमके तिथेच अडकतो. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून व्यक्तिचित्र, चित्र किंवा छायाचित्र करवून घेतलं असेल आणि उलट काही ठरलं नसेल, तर हक्क करवून घेणाऱ्याचा. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं. म्हणजे एखाद्या रिसॉर्टनं सांगून काढून घेतलेलं चित्र तुम्ही तुमच्या संचात परस्पर घालू शकत नाही. अशी कामं घेतानाच "कॉपीराइट चित्रकाराकडे राहील" ही एक ओळ लिहून घ्या.

उलट बाजूही लक्षात ठेवा. तुम्ही मूळ चित्र विकलंत तरी कॉपीराइट आपोआप विकला जात नाही. गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात लटकलेल्या चित्राच्या प्रतींचं प्रदर्शन तुम्ही खुशाल परवान्यावर देऊ शकता, फक्त विकण्याआधी चांगली फाईल करून ठेवलेली हवी. चित्र हातातून जाण्यापूर्वी त्याची नीट प्रतिमा घेणं ही सवय लावून घ्याच.

वडिलांचं, आजोबांचं काम घरात असेल तर मुदत मोजा. कलाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. आंजेलो द फोन्सेका १९६७ साली गेले, त्यांच्या कामावरचा हक्क २०२७ अखेरपर्यंत. लक्ष्मण पै २०२१ साली गेले, तिथे २०८१ पर्यंत. आंतोनियो शावियेर त्रिंदाद १९३५ साली गेले, तो हक्क केव्हाच संपला. तरी त्यांची मूळ चित्रं ज्या संस्थेकडे आहेत ती छायाचित्र घेऊ देताना आपल्या अटी घालू शकते.

देवळांतल्या कावी चित्रांवर (भिंतीवर लाल मातीच्या रंगात केलेल्या जुन्या चित्रांवर) काम करणाऱ्यांना वेगळं सांगतो. जुन्या भिंतीवरच्या कावीवर आज कुणाचा कॉपीराइट नाही, तुम्ही केलेलं रेखाटन मात्र तुमचं. तरीही देवस्थान समितीची लेखी परवानगी घ्या. कायद्यापेक्षा गावातल्या संबंधांसाठी ती जास्त गरजेची आहे.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. करायची तर केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होते, एका कलाकृतीला ५०० रुपये शुल्क, आणि हरकतींसाठी तीस दिवसांची वाट. संचातल्या सगळ्यांची करायला पैसे नसतील तर मुख्य दोन-तीन कलाकृतींची करा.

२. संच बांधा

'माझी चित्रं' असा परवाना देता येत नाही. काय देतो आहोत हे मोजता आलं पाहिजे. माझ्या अनुभवात पंधरा ते वीस प्रतिमांचा, एका विषयाचा संच चालतो. संचात प्रतिमांच्या फाइली, प्रत्येकाची पाटी (मराठी आणि इंग्रजी; कोकणी असेल तर गोव्यात फारच उत्तम), एक पानभर प्रस्तावना, छपाईचा आकार आणि कागद, आणि कुठलं चित्र कुठल्यानंतर लावायचं याचा कच्चा आराखडा असावा. पडद्यावर दाखवायचं असेल तर त्या मापाच्या फाइली वेगळ्या.

छपाईबद्दल गोव्यापुरतं एक सांगायलाच हवं. जून ते सप्टेंबर चिऱ्याच्या भिंतींना ओल सुटते, फ्रेमच्या काचेमागे बुरशी धरते, कागद लाटांसारखा उठतो. त्यामुळे मी परवाना ऑक्टोबर ते मार्च असाच देतो, फार तर मेपर्यंत. ज्याला पावसाळ्यातही हवं त्यानं फ्रेम भिंतीपासून बोटभर सुटी ठेवायची आणि खराब झालेली प्रत स्वतःच्या खर्चानं बदलायची, हे करारात लिहायचं. मूळ चित्रं पावसात अजिबात द्यायची नाहीत, कितीही पैसे मिळोत.

३. फाइलींचा हॅश काढा

प्रत्येक फाइलीवरून संगणक ६४ अक्षर-अंकांची एक ओळ काढू शकतो. तिला एसएचए-२५६ हॅश म्हणतात. फाइलीतला एक ठिपका बदलला तरी पूर्ण ओळ बदलते. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयूटिल नावाचं साधन आधीपासून असतं, मॅकवरही टर्मिनलमधून निघतो. वेगळं काही विकत घ्यायला नको. हॅश काढायचा तो मूळ फाइलीचा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली प्रतिमा दाबून लहान केलेली असते, तिचा हॅश निराळाच येतो, आणि मग पडताळणीच्या वेळी "जुळत नाही" म्हणून घोळ होतो.

सगळे हॅश एका यादीत लिहा, त्या यादीच्या फाइलीचा पुन्हा एक हॅश काढा, आणि तो साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, नोंदवा. ओपनटाइमस्टॅम्प्स ही मोफत सेवा असा हॅश बिटकॉइनच्या साखळीत गुंफते. फाईल तुमच्या संगणकाबाहेर जात नाही, जातो तो फक्त हॅश. पक्की नोंद व्हायला काही तास लागतात, आणि ती एक लहानशी पुरावा-फाईल परत देते. ती मूळ फाइलींसोबत जपून ठेवा.

यानं सिद्ध होतं ते इतकंच की अमुक तारखेला ही फाईल अस्तित्वात होती. ती तुम्हीच काढली, हे यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी कच्ची रेखाटनं, काम चालू असतानाचे फोटो ठेवावेत. न्यायालयातही हॅशला आता जागा आहे: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडायचं, त्यात हॅश लिहायचा रकानाच आहे.

४. परवाना आधी कागदावर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. साखळीवरची नोंद कितीही देखणी असली तरी आपल्या कायद्यात परवाना लेखी लागतो. आधारवरची ई-स्वाक्षरी चालते, स्टॅम्प पेपरवर केलेला करारनामाही चालतो. हे मुद्दे त्यात हवेतच:

मुदत, तारखेसकट. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. सहा महिन्यांच्या पैशात पाच वर्षं चित्रं लटकतील आणि तुम्हाला काही बोलता येणार नाही.

प्रदेश आणि जागा. प्रदेश लिहिला नाही तर पूर्ण भारत धरला जातो. "अमुक हॉटेल, अमुक गाव, तळमजल्यावरची लॉबी" इतकं नेमकं लिहा. त्याच मालकाची दुसरी दोन हॉटेलं असतात हे विसरू नका.

माध्यम आणि प्रतींची संख्या. भिंतीवरच्या छापील प्रती, पडदा, संकेतस्थळ, मेनूकार्ड, टी-शर्ट हे सगळे वेगळे हक्क आहेत. जे दिलं नाही ते "चित्रकाराकडे राखीव" असं स्पष्ट लिहा.

मांडणीच्या अटी. कायद्याचं कलम ५७ कलाकाराला नावाचा हक्क देतं, आणि कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क देतं. याच कलमाखाली दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ साली शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या बाजूनं निकाल दिला. विज्ञान भवनातलं त्यांचं भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल सरकारला त्याचे अवशेष परत द्यावे लागले आणि पाच लाख रुपये भरपाई. पण त्याच कलमात असंही आहे की काम कलाकाराच्या मनासारखं मांडलं नाही, एवढ्यानं या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे तुमची चित्रं स्वच्छतागृहाच्या बोळात लावली तर कायदा मदतीला येणार नाही, करारातली अटच येईल. जागा, उजेड, पाटी, नाव या अटी लिहून घ्या.

त्याखेरीज: पोटपरवाना देता येणार नाही; मुदत संपल्यावर प्रती नष्ट करून फोटो पाठवायचा किंवा प्रती परत करायच्या; पैसे उशिरा आले तर काय; आणि वाद झाला तर न्यायालय गोव्यातलं. कॉपीराइटचा दावा तुम्ही राहता त्या भागातल्या जिल्हा न्यायालयात करता येतो, तो हक्क करारात सोडून देऊ नका.

सापळा: समोरचा स्वतःचा मसुदा घेऊन येतो आणि त्यात "सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभरासाठी हस्तांतरित" असं वाक्य असतं. तो परवाना नाही, ती विक्री आहे. एका मोठ्या हॉटेल कंपनीनं मला असाच मसुदा पाठवला होता, आणि रक्कम होती एका हंगामाच्या परवान्याइतकी. मी नाही म्हटलं. तुम्हीही म्हणा.

५. भाव आणि वाटा ठरवा

कॅनडात ७ जून १९८८ नंतरच्या कलाकृतींसाठी कलाकाराला प्रदर्शनाचा वेगळा हक्क कायद्यानंच मिळाला आहे, आणि तिथली कारफॅक ही कलाकारांची संघटना किमान शुल्काचं पत्रक काढते. आपल्याकडे असं पत्रक नाही, म्हणून भाव स्वतःच बांधावा लागतो. मी जागेकडे बघतो: लोक किती येतात, तिकीट आहे का, जागा कमाई करते की शिक्षणसंस्था आहे. शाळा-ग्रंथालयांना नाममात्र, हॉटेलांना पूर्ण. छपाई आणि फ्रेमचा खर्च नेहमी परवानाधारकाचा, शुल्कातून वजा नाही.

समजा सहा महिन्यांचं शुल्क ३६,००० रुपये ठरलं. त्यातले १५ टक्के प्रतिमा काढणाऱ्या फोटोग्राफरचे, १० टक्के मजकूर लिहिणाऱ्याचे: ५,४०० आणि ३,६००. तुम्हाला २७,०००. असे चार परवानाधारक एका हंगामात मिळाले तर १,०८,०००, आणि मूळ चित्रं घरातच. वाट्याची ही टक्केवारी पहिला परवाना देण्याआधी सगळ्यांच्या सहीनं पक्की करा. पैसे आल्यावर ठरवायला बसलं की मैत्र्या तुटतात.

६. साखळीवर नोंद

आता तांत्रिक भाग. सगळा स्वतः करायची गरज नाही. संगणकशास्त्राचा एखादा चांगला विद्यार्थी हे करून देऊ शकतो, पण काय करून घ्यायचं ते तुम्हाला कळलं पाहिजे.

साखळी स्वस्त निवडा. पॉलिगॉन किंवा तेझोसवर एका नोंदीचं शुल्क अगदी कमी पडतं. इथेरियमच्या मुख्य साखळीवर गर्दीच्या वेळी ते फार चढतं. मी पॉलिगॉन वापरतो, म्हणून पुढचं त्या धर्तीवर.

एका संचासाठी एक टोकन, म्हणजे साखळीवरची एक स्वतंत्र, मालकाच्या नावे असलेली नोंद. त्याचं नेहमीचं मानक ईआरसी-७२१. त्यावर ईआरसी-४९०७ नावाची जोड आहे, आणि आपल्या कामाला ती चपखल बसते: टोकनाचा मालक एक, 'वापरकर्ता' दुसरा, आणि वापराला संपायची वेळ. टोकन तुमच्याच वॉलेटात राहतं, परवानाधारकाच्या वॉलेटचा पत्ता वापरकर्ता म्हणून नोंदवला जातो, आणि वेळ संपली की ती नोंद आपोआप निष्प्रभ होते. एका टोकनाला एका वेळी एकच वापरकर्ता असतो, म्हणून चार जागांना चार टोकनं काढा.

संपायची वेळ भरताना सावध राहा. ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत आणि जागतिक वेळेनुसार भरावी लागते. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. परवाना ३१ मार्चच्या मध्यरात्री संपायचा असेल तर जागतिक वेळ ३१ मार्च संध्याकाळी साडेसहा भरायची. सेकंदांत रूपांतर करणारी साधनं इंटरनेटवर सहज मिळतात. आकडा काढल्यावर तो उलटा तारखेत करून पुन्हा तपासा.

आधी चाचणी साखळीवर सगळं करून बघा. तिथलं चलन खोटं असतं, पैसे लागत नाहीत. मुख्य साखळीवर चढवलेला कोड (टोकन चालवणारा प्रोग्राम) साधारणपणे नंतर बदलता येत नाही. कोडचा पाया ओपनझेपेलिनसारख्या, अनेकांनी तपासलेल्या संग्रहातून घ्या, आणि चढवल्यावर तो एक्सप्लोररवर (साखळीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) उघडा करून ठेवा, म्हणजे परवानाधारकाला स्वतः बघता येईल.

साखळीवर काय ठेवायचं? करारनाम्याच्या पीडीएफचा हॅश, संचाच्या यादीचा हॅश, मुदत, आणि दाखवण्यापुरती लहान प्रतिमा आयपीएफएसवर (अनेक संगणकांवर मिळून फाइली ठेवायच्या व्यवस्थेवर). आयपीएफएसवर फाईल टिकते ती कुणीतरी ती धरून ठेवली तरच, म्हणून पिनिंग (फाईल धरून ठेवणाऱ्या) सेवेचं वार्षिक शुल्क भरत राहा किंवा स्वतःच्या संगणकावरही धरून ठेवा. मोठी, छापण्याजोगी फाईल तिथे कधीही टाकू नका. ती साऱ्या जगाला उघडी होते. पूर्ण करारनामा, फोन नंबर, आधार, पॅन यातलं काहीही साखळीवर नको. तिथून पुसता येत नाही.

वॉलेट उघडताना बारा किंवा चोवीस शब्द मिळतात. ते ज्याच्या हाती, वॉलेट त्याचं. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका, मेलवर पाठवू नका. कागदावर पेन्सिलीनं लिहा, दमट हवेपासून वाचवण्यासाठी झिपच्या पिशवीत घाला, आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. लॅमिनेट करायला झेरॉक्सच्या दुकानात मात्र नेऊ नका.

नवख्यांना हमखास गाठणारे दोन सापळे. पहिला: इन्स्टाग्रामवर अनोळखी माणूस तुमच्या चित्राला हजारो डॉलर देऊ करतो, आणि अमुक संकेतस्थळावरच टोकन काढा, आधी शुल्क भरा म्हणतो. गिऱ्हाईक नसतंच, शुल्क हाच त्यांचा धंदा. दुसरा: "मोफत भेट" म्हणून वॉलेटात येणारा दुवा. त्यावर सही केली की तुमची सगळी टोकनं हलवायची मुभा दुसऱ्याला मिळते. वॉलेट काय सही मागतं आहे ते वाचल्याशिवाय होकार देऊ नका. नोंदणीचं वॉलेट वेगळं आणि खर्चाचं वेगळं ठेवलंत तर आणखी बरं.

७. पैसे आणि कर

माझं मत स्पष्ट आहे: नोंद साखळीवर, पैसे बँकेत. स्थानिक परवानाधारकाला दरमहा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावायला सांगा किंवा पूर्ण रक्कम आगाऊ घ्या. पैसे जमा झाल्यावरच वापरकर्ता म्हणून नोंद करा. परदेशातून पैसे येणार असतील तर बँकेतून मागवा आणि परकीय रक्कम आल्याचा दाखला बँकेकडून घेऊन ठेवा.

कारण कर. क्रिप्टो आणि एनएफटी (वर सांगितल्यासारखी टोकनं) यांच्या हस्तांतरणातून झालेल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आहे, त्यावर अधिभार वेगळा. खरेदीच्या किमतीखेरीज दुसरा खर्च वजा होत नाही, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यात वळता करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक रकमेवर १ टक्का टीडीएसही आहे. परवान्याचं शुल्क रुपयांत घेतलंत तर ते तुमचं नेहमीचं उत्पन्न, छपाई-प्रवासाचे खर्च रीतसर दाखवता येतात. टोकनाची मालकी तुमच्याकडेच ठेवून फक्त वापरकर्ता नोंदवण्यामागे माझा हाही हेतू आहे: टोकन विकलंच नाही. तरी तुमच्या हिशेबनिसाकडून हे तुमच्या बाबतीत लेखी तपासून घ्या. कंपनी परवानाधारक असेल तर बिलातून टीडीएस कापते. तो तुमच्या पॅनवर दिसतो का ते वेळोवेळी बघा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जाण्याची चिन्हं दिसली की जीएसटीचं विचारून घ्या.

शुल्कासाठी लागणारं क्रिप्टो भारतात एफआययूकडे (केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी असलेल्या एक्सचेंजवरूनच, म्हणजे क्रिप्टो विकणाऱ्या बाजारातूनच, घ्या, आणि थोडंच.

रॉयल्टीबद्दल गैरसमज फार आहे. ईआरसी-२९८१ हे मानक टोकनाच्या पुनर्विक्रीवर कलाकाराला किती टक्के द्यायचे ते सांगतं; द्यायला भाग पाडत नाही. ओपनसी या टोकनांच्या बाजारपेठेनं २०२३ साली पुनर्विक्रीतली रॉयल्टी ऐच्छिक केली, आणि त्यावर विसंबून असलेल्यांचं उत्पन्न आटलं. म्हणून मी बाजारपेठेच्या रॉयल्टीवर काहीच उभारत नाही. मूळ चित्राच्या पुनर्विक्रीसाठी मात्र आपल्या कायद्यात कलम ५३अ आहे: चित्र, रेखाटन किंवा शिल्प दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर हक्काचा पहिला मालक असलेल्या कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता येतो, कमाल १० टक्के. विक्रीचा माग लागणं कठीण, म्हणून मूळ चित्र विकतानाच पावतीवर ही अट छापा.

८. परवानाधारक शोधा आणि लक्ष ठेवा

हॉटेलं ऑगस्ट-सप्टेंबरात रंगरंगोटी काढतात, चवथीच्या आसपास. तेव्हाच जा, नोव्हेंबरात गेलात तर भिंती भरलेल्या असतात. मालकाला ब्लॉकचेन समजावत बसू नका. त्याला छापलेलं एक नमुनाचित्र, भिंतीच्या मापाचा आराखडा आणि एक रक्कम दाखवा. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात क्यूआर कोड द्या. तो स्कॅन केला की परवान्याची साखळीवरची नोंद उघडते. पाहुण्यांना त्यात रस वाटतो, आणि मालकाला आपल्याकडे अस्सल, परवान्याचं काम आहे हे दाखवता येतं. रवींद्र भवन, कॉलेजं, ग्रंथालयं, परदेशातली गोमंतकीय मंडळं यांनाही लिहा. तिथे पैसे कमी, पण पुढची ओळख तिथूनच निघते.

भिंतीवर प्रत्यक्ष काय चाललंय हे साखळीला कळत नाही. मुदत संपल्यावर नोंद निष्प्रभ होईल, चित्रं मात्र तशीच लटकत राहतील. दर दोन महिन्यांनी भिंतीचा फोटो पाठवायची अट घाला, आणि जवळ असाल तर स्वतः एक फेरी मारा. क्यूआर कोडचा इथेही उपयोग होतो: मुदत संपलेल्या चित्राखालचा कोड स्कॅन केला की "परवाना संपला" असं सगळ्यांना दिसतं. पैसे वसूल करायला माझ्या तरी हे नोटिशीपेक्षा लवकर कामी आलं आहे.

मुदतीच्या पंचेचाळीस दिवस आधी नूतनीकरणाचं पत्र पाठवा, नव्या रकमेसह. नूतनीकरण झालं तर नवा करारनामा, त्याचा नवा हॅश, वापरकर्त्याची नवी मुदत. नाही झालं तर प्रती नष्ट केल्याचा फोटो घ्या आणि ते टोकन पुढच्या परवानाधारकासाठी मोकळं करा.

९. वारसांसाठी

तुमच्यानंतर साठ वर्षं हे हक्क चालू राहणार आहेत, पण वॉलेटचे शब्द कुणाला माहीत नसतील तर त्या नोंदींना हात लावता येणार नाही. ई-स्वाक्षरीला मान्यता देणारा माहिती तंत्रज्ञान कायदा मृत्युपत्राला लागू होत नाही, ते कागदावरच करावं लागतं. गोव्यात समान नागरी कायद्यामुळे वारसांचा राखीव हिस्सा असतो, म्हणून इथल्या नोटरीकडूनच सल्ला घ्या. त्यात कॉपीराइट कुणाला, चालू परवान्यांचे पैसे कुणाला, आणि शब्दांची पिशवी कुठे ठेवली आहे हे कुणाला माहीत आहे, हे तिन्ही वेगवेगळं लिहा. शब्द मात्र मृत्युपत्रात लिहू नका. ते दस्तऐवज पुढे अनेकांच्या हातांतून जातं.